सेल्फ लागत नाही



अंकाच्या पोरांनी निरोप धाडला, चळवळीतला एखादा अनुभव लिहून द्या. मोर्चाचा द्या, लाठीमाराचा द्या, नामांतराचा द्या. लाठ्या मीही खाल्ल्यात. पण लाठ्या खाणारे लई होते आणि त्यावर लिहिणारेही लई झाले. मी सेल्फवर लिहितोय. सेल्फ म्हणजे गाडीचा सेल्फ. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिली फिरकी देणारी ती मोटर. आमच्या गाडीचा सेल्फ १९९० सालच्या हिवाळ्यात तीनदा गेला. त्यात एक खोटं बोललो. त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. ते खोटं अजून तसंच चालू आहे.

तेव्हा बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष चालू होतं. १४ एप्रिल १९९० पासून पुढचं अख्खं वर्ष. आम्ही सातजणांनी कलापथक काढलं होतं. एक शाहीर, ढोलकीवाला, पेटीवाला, कोरसला दोन पोरं, गाणाऱ्या आक्का आणि मी. मी आयटीआयला वायरमन झालेला, म्हणून लाईट, माईक, भोंगा माझ्याकडं. ड्रायव्हर आठवा. त्याला सगळे मामा म्हणायचे. वर्गणी करून लिलावातली एक जुनी डिझेल मॅटाडोर घेतली. जलसा करायचा, पुस्तकं विकायची, पुढच्या गावाला जायचं. पुस्तकं उधारीवर आणलेली. शासनाच्या शिक्षण विभागानं १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे इंग्रजी खंड, बुद्धवंदनेच्या पुस्तिका, फोटो, बिल्ले.

विदेशात लोक असल्या गाड्यांतून घर करतात. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं आत. सुट्टीत हौसेनं हिंडतात. आता आपल्याकडंही मोबाईलवर तसले व्हिडिओ दिसतात, नवरा-बायको डोंगरावर गाडी लावून चहा करतेत. बघायला बरं वाटतं. आमच्या गाडीचं घर झालं ते हौसेनं नाही. तालुक्याच्या गावात लॉजवर गेलं की रजिस्टर पुढं यायचं. नाव लिहिलं की मॅनेजर विचारायचा, आडनाव? आडनावावरून अंदाज नाही आला तर गाव. गावावरूनही नाही आला तर, 'गावात कुठं राहता?' मग खोली रिकामी नसायची. बाईमाणूस बरोबर. आक्कांना घेऊन एस.टी. स्टँडवर किती रात्री काढणार? म्हणून सुताराकडून गाडीत तीन फळ्या बसवून घेतल्या, एकावर एक. खाली पुस्तकांचे खोके. मागच्या दाराशी स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन. राहिलेले गडी गाडीखाली ताडपत्री टाकून. झालं घर.

गाडी लिलावातून आली तेव्हा इंजिनचं काम करावं लागलं. इंजिन खाली उतरवलं, मिस्त्रीच्या दुकानात पंधरा दिवस पडून राहिलं. तेवढ्यात मी गाडी रंगवायला घेतली. निळा रंग. बाहेरून सगळी निळी केलीच, पण माझं समाधान होईना. इंजिन नव्हतं तर आतली जागा उघडी होती. मी म्हटलं, चासीसुद्धा निळी पाहिजे. वरून निळी आणि खालून गंजकी, हे आपल्याला शोभत नाही. दोन रात्री कंदील घेऊन गाडीखाली उताणा पडलो आणि चासीला निळा ऑइलपेंट मारला. दोन हात. वरून टपकलेला रंग डोळ्यात गेला, केसात गेला. सकाळी आई म्हणली, 'कामून रं, होळी हाय का?' पेंटरला नंतर बोलावलं, बाजूची अक्षरं आणि बाबासाहेबांचं चित्र काढायला. हे लक्षात ठेवा.

बॅटरी पुढून काढून मागच्या फळीखाली नेली, अ‍ॅम्प्लिफायर तिथंच होता म्हणून. हेही काम माझंच. पॉझिटिव्हला वेल्डिंगची जाड केबल ओढली. निगेटिव्ह तिथंच चासीला बोल्टनं कसलं. तिथला रंग मी नीट खरवडून काढला होता. वायरमन होतो ना. बॅटरीजवळचं काम आपलं, एवढं कळत होतं. इंजिन परत चढलं तेव्हा गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी होती, चार बोटं रुंद. तिचं टोक मी निळ्या रंगावरच कसलं. पट्टी कशाला असते ते माहीत नव्हतं. वाटलं, इंजिन हलू नये म्हणून असंल.

ऑक्टोबरपर्यंत गाडी बरी चालली. थंडी पडू लागली तसा सकाळचा सेल्फ जड यायला लागला. किल्ली फिरवली की गुर्रर्र करून इंजिन म्हाताऱ्यागत वळायचं आणि थांबायचं. डिझेलचं इंजिन पेट्रोलसारखं नसतं. त्याला ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती दाबानंच तापून डिझेल पेटलं पाहिजे. सिलिंडरमधली हवा वीसएक पट दाबली जाते. आता ती दाबायला जोर लागतो आणि वेगही लागतो. इंजिन हळू वळलं की दाबलेली हवा तापायच्या आत गार होते. मग हीटर प्लग कितीही लाल करा, गाडी धूर सोडते आणि गप्प बसते.

पहिल्यांदा तालुक्याच्या गावी ज्या मिस्त्रीनं इंजिन केलं होतं त्याच्या शेजारच्या दुकानात सेल्फ नेला. तिथं ऑटो इलेक्ट्रिक आणि मोटार वायंडिंगचं काम चालायचं. वायंडिंगवाले मिस्त्री पन्नाशीचे, काळेसावळे, कमी बोलणारे. सेल्फ उघडला. कार्बन झिजलेले, बुश गेलेला. ते बदललं, टेबलावर बॅटरी लावून सेल्फ फिरवून दाखवला. सर्रर्र करून असा फिरला की टेबल हललं. गाडीला बसवला, अर्ध्या फेऱ्यात गाडी चालू. पंधरा दिवस कुरकुर नाही.

मग परत. यावेळी किल्ली फिरवली की नुसतं टक. टक. टक. आत सोलेनॉइडचा स्विच वाजतो आणि मोटर फिरत नाही. मामा किल्ली धरून ठेवायचा, वीस वीस सेकंद. सेल्फला हात लावला की चटका. दुसऱ्यांदा उघडला तर आर्मेचर जळालेलं, स्विचचे पॉइंट खड्डे पडून काळे झालेले. मिस्त्रीनं नवी तार भरून दिली. साडेचारशे रुपये. पथकाच्या चार जलशांची कमाई.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट व्हायची. अ‍ॅक्सिलरेटरची तार अडकायची. दोनदा बदलली. जुनी काढली तर वरची प्लॅस्टिकची नळी वितळून तारेला चिकटलेली. मामा म्हणायचा, सायलेन्सरची आच लागत असंल. आम्ही तिला चिंधी गुंडाळली.

नोव्हेंबरच्या शेवटी एका गावात जलसा झाला. गावाचं नाव लिहीत नाही, तसली गावं तुम्हाला ठाऊक आहेत. सकाळी निघताना गाडी मारुतीच्या पारासमोर बंद पडली. उतार नाही, काही नाही, सपाट जागा. डिझेलची गाडी ढकलून दुसऱ्या गिअरला टाकली की चालू होते, पण जड असते, सहासात गडी पाहिजेत. आम्ही पाच पुरुष लागलो, हलेना. पारावर पंधरावीस जण बसलेले. मामानं हात जोडून म्हटलं, 'दादा, जरा हात लावा.' कुणी उठलं नाही. एक जण तंबाखू मळत म्हणाला, 'निळी गाडी हाय. तुमच्या साहेबाला म्हणा, ढकल.' बाकीचे हसले. आक्का खाली उतरल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पदर खोचला आणि मागं लागल्या. मग बौद्धवाड्यातल्या खुरपणीला निघालेल्या बाया आल्या. नऊदहा जणी. डोक्यावरच्या पाट्या पाराच्या कडेला ठेवल्या आणि गाडी ढकलली. गाडी चालू झाली तेव्हा काळ्या धुरानं सगळा पार झाकला. पेटीवाल्यानं आत बसून जी शिवी दिली ती अजून कानात आहे.

हे का सांगतो? तो राग खरा होता. त्यात काही चूक नव्हती. त्या पारावरची माणसं गाडीकडं बघत नव्हती, रंगाकडं बघत होती. तो राग मी गाडीत घेऊन बसलो आणि पुढचे आठ दिवस उतरवला नाही.

डिसेंबर आला. सहा तारखेला दादरला चैत्यभूमीवर पुस्तकांची पथारी मांडायची ठरलेलं. शताब्दीचं वर्ष, तोबा गर्दी होणार होती. वर्षाची उधारी त्या दोन दिवसांत फिटणार होती. निघायच्या आधी सेल्फ परत दाखवला. मिस्त्री म्हणाले, 'आर्मेचर चांगलंय, पण परत तापलंय. गाडी आणा, गाडीवर बघू.' आम्हाला घाई. गाडी दुसऱ्या टोकाला, पुस्तकं भरणं चालू. मी म्हटलं, तुम्ही दुसरा सेल्फ द्या. त्यांनी एक जुना, दुरुस्त केलेला सेल्फ दिला, नऊशे रुपयांना. चार तारखेच्या रात्री निघालो. नगरच्या अलीकडं ढाब्यावर चहाला थांबलो, पहाटेची थंडी, आणि परत टक टक टक. मामानं किल्ली धरली. खालून धूर आला. जळक्या व्हार्निशचा वास. तो वास एकदा ओळखला की माणूस विसरत नाही.

गाडी उताराला नव्हती आणि ढकलून चालू झाली तरी वाटेत बंद पडली तर पुढं काय? घाटात काय? शाहीर म्हणाले, मी पोरांना घेऊन जातो. मिळेल त्या ट्रकनं ते गेले. मी आणि मामा गाडीपाशी राहिलो. पाच तारखेचा अख्खा दिवस आम्ही पुस्तकांच्या खोक्यांवर बसून काढला. रस्त्यानं ट्रक चाललेले, टेंपो चाललेले, निळे झेंडे, बायका-पोरं, गाणी. आमची निळी गाडी बघून लोक हात वर करायचे, 'जयभीम!' आम्हीही हात वर करायचो. कुणाला वाटायचं विसाव्याला थांबलेत. एका ट्रकातून एक म्हातारी ओरडली, 'चला की रं पोरांनो, उशीर व्हईल!' मामा रडला. मी नाही रडलो. मी हिशेब करत होतो, तीन वेळा सेल्फ, एकच दुकान, एकच माणूस.

त्या दुकानात भिंतीवर अण्णाभाऊ साठ्यांचा फोटो होता. हार घातलेला. पहिल्या दिवशीच आमच्या पोरांनी तो पाहिला होता आणि एकमेकांकडं बघितलं होतं. म्हणजे मिस्त्री मातंग. आपले नव्हेत. असं कुणी तोंडानं बोललं नाही. पण सहा तारखेला दोर बांधून ट्रकमागं गाडी परत येत असताना मामा म्हणाला, 'मला तर पहिल्यापासून शंका हाय. आपलं चांगलं त्यांना बघवत न्हाई.' मी नाही म्हणालो नाही.

आठ तारखेला मी दुकानात गेलो. बरोबर कोरसची दोन पोरं. मिस्त्री एका पंपाची मोटर भरत होते. मी सेल्फ टेबलावर आपटला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. दोन शब्द आठवतात. मी म्हणालो, 'तुम्ही लोक.' 'तुम्ही लोक कायम असंच करता.'

दोस्तांनो, हे दोन शब्द मी जन्मापासून ऐकत आलोय. दुकानात, शाळेत, पाणवठ्यावर, कचेरीत. माझ्या बापाला ऐकताना बघितलंय. त्याच चालीत, त्याच पट्टीत माझ्या तोंडून आले. शिकवावे लागले नाहीत.

मिस्त्रींनी हातातली तार खाली ठेवली. सेल्फ उघडला. बघितला. म्हणाले, 'वायरमन, गाडी कुठाय?' मी म्हटलं, स्टँडच्या मागं. त्यांनी काट्याचा मीटर घेतला, दोन लांब वायरी, खडू, आणि फळीवरचा एक चालू सेल्फ खांद्यावर टाकला. आमच्यापुढं चालायला लागले.

सेल्फ चढवला. मग मामाला म्हणाले, सेल्फ मारा, पण पाच सेकंदच. मीटर पहिल्यांदा बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावला. सेल्फ मारताना काटा १०.८ वर. खडूनं गाडीच्या निळ्या पत्र्यावर लिहिलं, १०.८. म्हणाले, बॅटरी चांगलीय. मग मीटरचं एक टोक सेल्फच्या मोठ्या बोल्टला, दुसरं सेल्फच्या अंगाला. मारा. ७.५. तेही लिहिलं. मग पॉझिटिव्हच्या केबलची दोन टोकं. मारा. ०.३.

खडू माझ्या हातात दिला. 'बेरीज करा.'

७.५ आणि ०.३. ७.८ झाले. बॅटरीतून १०.८ निघतात. 'तीन व्होल्ट कुठं जातेत, वायरमन?'

मी गप्प. मला घरातली वायरिंग येत होती. घरात फेज असतो, न्यूट्रल असतो आणि अर्थिंग असतं. अर्थिंग म्हणजे जीव वाचवायला. सगळं ठीक असलं तर त्यातून करंट वाहतच नाही. आमच्या मास्तरनं तेच शिकवलं होतं आणि त्यावर मी पास झालो होतो. मिस्त्री म्हणाले, 'गाडीत न्यूट्रलची वायर कुठाय? गाडीत अर्थ हीच परतीची वाट. जेवढा करंट सेल्फात जातो, तेवढा अंगातून परत बॅटरीला आलाच पाहिजे. अडीचशे तीनशे अँपियर. वाट अडली की सगळं अडलं.'

मग त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं चासीला. मारा. काटा हललाच नाही म्हणा. हे माझं काम, खरवडून केलेलं. तेच टोक चासीवरून काढून इंजिनाला लावलं. मारा. काटा झटक्यात ३ वर गेला.

ओहमचा नियम मला पाठ होता. अडथळा फक्त शंभरात एक ओहम धरा. घरात शंभरचा बल्ब जळतो तिथं तेवढ्या अडथळ्यानं केसभर फरक पडत नाही, कारण करंट अर्धा अँपियरसुद्धा नसतो. पण अडीचशे अँपियर जिथं वाहतो तिथं तेवढाच अडथळा अडीच व्होल्ट खातो. म्हणून आमचे लाईट लख्ख लागायचे, हॉर्न कडक वाजायचा, भोंगा गाव गाजवायचा. त्यांना करंट थोडा लागतो आणि त्यांची वाट चासीतूनच परत जात होती. आम्ही लाईट बघून म्हणायचो, करंट तर झकास आहे, म्हणजे सेल्फातच खोट. फक्त सेल्फ इंजिनावर बसतो, आणि इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसतं. इंजिनातून चासीत यायला करंटला ती तांब्याची पट्टी सोडून दुसरी वाट नाही.

म्हणजे एक होती. मिस्त्रींनी माझा हात धरला आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेवर ठेवला. चटका बसला. 'पट्टीतून जाईना म्हणून करंट या बारक्या तारेतून जातोय. ही किती बदलल्या?' मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, 'ती तुम्हाला सांगत होती.'

सेल्फ का जळायचा तेही त्यांनी सांगितलं. मोटर जोरात फिरली की तिच्यातच उलटा दाब तयार होतो आणि करंट आटोक्यात राहतो. व्होल्टेज कमी म्हणून ती रेंगाळली की तो उलटा दाब होत नाही, करंट चढलेलाच राहतो आणि तार तापते. वर मामा वीस सेकंद किल्ली धरून. दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नसतो, आणि नाही लागला तर मिनिटभर दम द्यायचा असतो. स्विच टकटक करतो तेव्हा आतल्या पॉइंटवर दर टकेला ठिणगी पडते, म्हणून खड्डे. आणि नवा सेल्फ बसवला की आठ-पंधरा दिवस गाडी चांगली का चालायची? सेल्फ काढताना पट्टीचं एक टोक उघडावं लागायचं. तेवढ्यात दुसरं टोक हिसडायचं, बोल्टखालचा रंग थोडा खरवडायचा, थोडं लोखंड लागायचं. मग दहिवरानं तेवढंही गंजायचं. टेबलावर तर सेल्फ फिरणारच, टेबलाला कुठं चासी असते?

मिस्त्री गाडीखाली गेले. पान्यानं बोल्ट काढला, पट्टी बाजूला केली. मला म्हणाले, खाली या. मी उताणा पडलो, त्याच जागी, जिथं दोन रात्री पडलो होतो. पट्टीखाली गोल निळा डाग. रुपयाएवढा, चकचकीत. बाजूनं तांबूस गंज. त्यांनी कानस फिरवली. निळा चुरा त्यांच्या छातीवर पडत होता. खालून पांढरं लोखंड निघालं. पट्टीचं टोक पॉलिश पेपरनं घासलं, बोल्ट कसला, वरून ग्रीस थापलं. हवा-पाणी लागू नये म्हणून.

'मारा.'

मामानं किल्ली फिरवली आणि सोडली. तेवढ्यात गाडी चालू. काटा पाहिला, ०.१.

मिस्त्री अजून गाडीखालीच होते. इंजिनाच्या आवाजात विचारलं, 'हा रंग कुणी मारला हो?'

मी म्हणालो, 'पेंटरनं.'

कसं निघून गेलं कळलं नाही. मामा वर उभा होता, पोरं उभी होती. मामानं लगेच पेंटरला शिवी घातली. पोरांनी घातली. झालं, पेंटर. दुकानात 'तुम्ही लोक' म्हणून आलो होतो, ते परत कसं घ्यावं हे कळत नव्हतं. वर हेही माझंच निघालं असतं तर मी उभा राहू शकलो नसतो, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, उभा राहिलो असतो. पडून पडून किती पडलो असतो?

मी माफी मागितली. म्हणजे, 'मिस्त्री, गैरसमज झाला' असं म्हणालो. गैरसमज हा शब्द फार सोयीचा आहे, कचेरीत फार वापरतात. ते म्हणाले, मजुरी पाच रुपये, आणि आधीचे सेल्फ मी भरलेत ते भरलेत, त्याचे पैसे परत मिळणार नाहीत. बरोबर होतं. मी पाच रुपये दिले. मग हात पुसता पुसता त्यांनी गाडीत डोकं घालून पुस्तकं बघितली. एकेक खोका बघितला. 'अण्णाभाऊचं काही न्हाई?'

मी म्हटलं, नाही.

'फकिरा पण न्हाई?'

नाही.

'फकिरा कुणाला अर्पण केलीय ठाऊक हाय का?'

मला ठाऊक नव्हतं. शाहीर असते तर त्यांना ठाऊक असतं कदाचित. मी सहावीपासून भाषणं करत होतो आणि मला ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी सांगितलं. १९५९ सालची कादंबरी, आणि ती अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. एवढं बोलून ते मीटर बगलेत मारून निघून गेले. त्या दुकानात अण्णाभाऊंच्या शेजारी बाबासाहेबांचाही फोटो होता, हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं. जानेवारीपासून आमच्या खोक्यात फकिरा आली. लई खपली नाही, खरं सांगतो. आमचेच लोक हातात घेऊन परत ठेवायचे.

पुढच्या १४ एप्रिलला त्यांच्या गावात जलसा झाला. मिस्त्री आले होते. सगळ्यात मागं, सायकल धरून उभे. शाहिरांनी अण्णाभाऊंवर दोन शब्द सांगितले तेव्हा मागं वळून बघितलं, तर सायकल होती, ते कुठंतरी पान खायला गेलेले. काही काही गोष्टी वेळेवर होत नाहीत.

गाडी १९९७ पर्यंत चालली. मग भंगारात किलोवर गेली. सात वर्षांत सेल्फचे कार्बन एकदा बदलले, एवढंच. ती पट्टी मी काढून ठेवली आहे. गाडी बघायला येणाऱ्या पोरांना मी अजून सांगतो, सेल्फ लागला नाही तर सेल्फ उघडू नका. आधी बॅटरीपासून निघा, सेल्फपर्यंत जा, आणि परतीच्या वाटेनं बॅटरीला या. प्रत्येक जोडावर मीटर लावा, सेल्फ मारत असताना लावा. नुसता उभ्या गाडीवर लावला तर सगळे जोड चांगलेच दिसतात, कारण करंटच वाहत नसतो. आणि मीटर नसला तर जाड केबल घेऊन एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, एक सरळ इंजिनाला धरा. गाडी लागली तर खोट कुठं आहे ते कळलं.

मामा वारला. शाहीर वारले. जे उरलेत ते भेटले की ती गोष्ट निघतेच, ढाब्यावरची रात्र, ट्रकातली म्हातारी, आणि मग कुणीतरी म्हणतंच, 'त्या पेंटरनं वाट लावली राव.' मी चहा पीत असतो.

तुमचा निरोप आला त्यानंतर मी पेंटरकडं गेलो. म्हातारा झालाय. मुलगा फ्लेक्स छापतो, हा बाहेर खुर्ची टाकून बसतो. हात थरथरतो आता. मी बसलो, चहा मागवला, इकडचं तिकडचं झालं. मग सांगितलं, त्या गाडीचं असं असं झालं होतं, सगळे तुमचं नाव घेतात, पण चासी मी रंगवली होती.

तो म्हणाला, 'मला ठाऊक हाय की. मला तर अक्षराचेच पैशे दिल्ते तुमी. चित्राचे अजून बाकी हायेत.'

किती होते ते त्याला आठवत नव्हतं, मलाही नाही. मी पाचशेची नोट काढली. त्यानं घेतली, घडी घातली आणि मुलाला हाक मारून म्हणाला, पावती दे रं यांना.